पाचव्या वर्षापासून बुदोकानपर्यंत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा बारा वर्षांचा भाचा गळ्यात रौप्यपदक घालून घरी आला. जिल्ह्याबाहेरची त्याची ही पहिलीच कराटे स्पर्धा. पेढे वाटले गेले, आजींनी दृष्ट काढली. दिवस मावळण्यापूर्वी जेवणे आटोपली आणि अंगणात सगळे निवांत बसले असताना तो हळूच माझ्याजवळ सरकला व म्हणाला, “आत्या, आता ह्याच्यापुढे काय?”

प्रश्न साधा, पण उत्तर मला ठाऊक नव्हते. त्यातच आजींनी आपला नेहमीचा प्रश्न पुढे केला, “पदक चांगले आहे रे बाळा, पण आपल्या घरात मारामारी शिकायची कशाला?” दोन पिढ्यांचे हे दोन प्रश्न घेऊन मी त्या सुट्टीत वाचायला बसले. त्याच्या शिक्षकांना विचारले, स्पर्धांची चित्रणे पाहिली. पुष्कळ नावे समोर आली. मन मात्र एकाच नावाशी थांबून राहिले. ते नाव ओकिनावाच्या रियो कियुनाचे. त्याची वाट पाहिली म्हणजे ‘पुढे काय’ याचे उत्तर बरेचसे मिळते, आणि ती वाट कुठे अडते तेही दिसते.

कराटे जपानचे, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. जपानच्या मुख्य बेटांच्या दक्षिणेस समुद्रात विखुरलेल्या बेटांवर एके काळी रियुक्यु नावाचे स्वतंत्र राज्य होते. ओकिनावा हे त्यातले सर्वांत मोठे बेट. चीनशी त्याचा व्यापार चाले, आणि मालाबरोबर विद्याही ये-जा करीत. नाहा, शुरी आणि तोमारी या तीन वस्त्यांत हाताने लढण्याच्या तीन परंपरा वाढल्या. त्यांतून आजचे कराटे घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी आंको इतोसु यांनी ते ओकिनावाच्या शाळांत नेले. १९२२ साली गिचिन फुनाकोशी या शिक्षकाने टोकियोत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून ते जगभर पसरले. ‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहीत. १९३६ साली ओकिनावाच्या जाणत्या गुरूंनी एकत्र बसून त्याचे ‘रिकामा हात’ असे रूप मान्य केले. आपली मुले ज्यांच्यासाठी जीव टाकतात ते पट्टे ज्युदोकडून आलेले आहेत, ही गोष्ट मला या निमित्ताने कळली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला ‘शोदान’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ असा आहे. आपल्याकडे काळा पट्टा मिळाला की सत्कार होतो, छायाचित्र छापून येते आणि दहावीचे वर्ष आले म्हणून मूल कराटे सोडते. जिथे आरंभ मानला आहे तिथे आपण समारोप करतो.

रियो कियुनाचा जन्म १२ जुलै १९९० रोजी ओकिनावातच झाला. पाचव्या वर्षी तो कराटेच्या वर्गात जाऊ लागला. इथपर्यंत त्याच्यात आणि आपल्या गल्लीतल्या कोणत्याही मुलात फरक नाही. फरक पडला तो पुढे, माध्यमिक शाळेच्या वयात, त्सुगुओ साकुमोतो यांच्याकडे तो गेला तेव्हा.

साकुमोतो यांच्याविषयी चार ओळी अधिक लिहिणे आवश्यक आहे. ते ज्या परंपरेचे, तिचे नाव रियुएइ-रियू. नाकाइमा नावाच्या घराण्यातील एका पुरुषाने एकोणिसाव्या शतकात चीनमधील फुचौ येथे जाऊन ही विद्या संपादन केली, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. तिथून परतल्यावर ती त्यांनी घराबाहेर जाऊ दिली नाही. बापाने मुलाला द्यावी, मुलाने नातवाला द्यावी, शेजाऱ्याला तिचा सुगावाही लागू नये, असा दंडक होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला केन्को नाकाइमा या वयोवृद्ध वारसाने हा दंडक मोडला आणि बाहेरच्या काही शिष्यांना शिकवायला घेतले. साकुमोतो त्यांपैकी एक. पुढे त्यांनी १९८४, १९८६ आणि १९८८ अशी लागोपाठ तीन जागतिक विजेतेपदे मिळवली, आणि ‘अनान’सारखा कुणाला माहीत नसलेला काता जगाच्या डोळ्यांपुढे आला. नाकाइमा आजोबांनी दार उघडले नसते तर? विद्या घरात जपावी की वाटावी, हा प्रश्न आपल्या हस्तलिखितांच्या भांडारांनाही एके काळी पडला होता. म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटली.

‘काता’ हा शब्द आला, तर तो नीट समजून घेऊ. कराटेच्या स्पर्धेचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘कुमिते’ म्हणजे दोन खेळाडूंची समोरासमोरची लढत. ‘काता’मध्ये खेळाडू एकटाच असतो. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना, न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी तो झुंजतो. प्रत्येक कात्याची रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. त्यात स्वतःची भर घालायची मुभा नाही. जागतिक कराटे महासंघाच्या यादीत असे १०२ काते आहेत. हे ऐकून मला आपल्या शास्त्रीय गायनाची आठवण झाली, पण ती उपमा पुरती लागू पडत नाही. गायकाला विस्ताराचे स्वातंत्र्य असते. इथे एक पाऊलही बदलता येत नाही. मग शंभर जण तोच काता करीत असताना एक जण श्रेष्ठ कशाने ठरतो? उभे राहण्याची पक्की बैठक, कमरेतून निघणारा जोर, एका हालचालीतून दुसरीत जातानाचा क्षण, श्वास, नजर, आणि समोर कुणीही नसताना तिथे कुणी आहे अशी पाहणाऱ्याची खात्री पटवण्याची शक्ती.

साकुमोतो यांच्याकडचा सराव वर्षाचे ३६५ दिवस चाले. सण नाही, सुट्टी नाही. एखादा ठोसा, एखादे वळण, पुन्हा पुन्हा तेच. ओकिनावाच्या बोलीत ‘गामाकु’ असा एक शब्द आहे. कमरेच्या वरच्या, बरगड्यांखालच्या भागाला व त्याच्या वापराला तो लावतात. कराटेत हा गामाकु साधावा लागतो, आणि मौज अशी की रियुक्यु राज्याच्या जुन्या दरबारी नृत्यातही नेमका हाच शब्द येतो. साकुमोतो यांनी शिष्यांना त्या नृत्याकडेही वळवले. कियुना ते शिकला. भावी जगज्जेता संथ लयीत पावले टाकायला शिकतो आहे, हे चित्र मला मोठे मनोहर वाटते. त्याचा काता पाहताना त्याच्या वेगाइतकेच त्याचे थांबणे लक्षात राहते. एवढ्या झपाट्यातून तो एका क्षणात असा स्थिर होतो की पांढऱ्या गणवेशाची बाहीच तेवढी मागाहून थरथरते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळते. आंतरराष्ट्रीय पायऱ्या अशा आहेत. चौदा व पंधरा वर्षांच्या मुलांचा गट कॅडेट, सोळा-सतराचा ज्युनियर, आणि अठरा ते वीसचा गट ‘एकवीस वर्षांखालील’ म्हणून ओळखला जातो. या तिन्ही गटांच्या जागतिक स्पर्धा होतात. कात्यामध्ये सोळाव्या वर्षापासून वरिष्ठ गटात उतरता येते. कुमितेसाठी मात्र अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. वरिष्ठ गटाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दर दोन वर्षांनी भरते. २०११पासून ‘कराटे वन प्रीमियर लीग’ ही वर्षभर निरनिराळ्या शहरांत भरणारी मालिका सुरू झाली. तीत मिळणाऱ्या गुणांवर जागतिक क्रमवारी ठरते. शिवाय आपल्याला आशियाई खेळ आहेत. १९९४च्या हिरोशिमा स्पर्धेपासून कराटेला तिथे स्थान आहे.

पालकांसाठी एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’, ‘जागतिक’ अशी भारदस्त नावे लावून पुष्कळ स्पर्धा भरतात. नाव मोठे असले म्हणून वरची वाट तिथून जातेच असे नाही. आपल्या मुलाचा वर्ग ज्या संघटनेशी जोडलेला आहे, ती जिल्हा, राज्य, देश अशा साखळीने जागतिक महासंघाशी जोडलेली आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारावे. विचारण्यात संकोच नको. चांगला शिक्षक या प्रश्नाने रागावत नाही. आमच्या घरी हा प्रश्न तीन वर्षे कुणी विचारलाच नव्हता, हेही कबूल करते.

कियुना या पायऱ्या चढत गेला. २०१२ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, म्हणजे पहिल्या वर्गाला सतरा वर्षे झाली होती. पालकहो, हा आकडा जरा लक्षात घ्या. दोन वर्षांनी ब्रेमेनमध्ये तो जगज्जेता झाला. २०१६ साली लिंझ, २०१८ साली माद्रिद, दोन्हीकडे तोच पहिला. आणि या दोन्ही वेळी सांघिक कात्याचे सुवर्णही त्याच्याच संघाला. त्या संघातले अराता किंजो आणि ताकुया उएमुरा हे दोघेही ओकिनावाचेच. तीन जणांनी एकाच श्वासात एकच काता करायचा असतो. एकाची टाच अर्धा क्षण आधी टेकली तरी दिसते. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांतही सुवर्ण कियुनाचेच.

इथे आजींचा प्रश्न पुन्हा घेते, कारण तो टाळण्यासारखा नाही. कराटेत आघात आहेच. तो नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ओकिनावाचे जुने गुरू शिष्याला आधी सांगत ते हे, की पहिला हात तू उचलायचा नाही. बहुतेक काते हल्ल्याने नव्हे, तर बचावाच्या हालचालीने सुरू होतात. आणि स्पर्धेतल्या कुमितेतही प्रहार नियंत्रित हवा, हा नियम केवळ कागदावर नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाचा अंतिम सामना सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आणि इराणचा सज्जाद गंजजादेह यांच्यात झाला. हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची एक लाथ गंजजादेहच्या डोक्याशी इतकी जोरात बसली की तो बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. पंचांनी हमेदीला अतिरिक्त आघाताबद्दल अपात्र ठरवले. सुवर्णपदक मिळाले ते बेशुद्ध पडलेल्याला. हा निर्णय बरोबर की चूक यावर जाणकार अजून वाद घालतात, आणि हमेदीबद्दल मलाही वाईट वाटले; पण आजींना मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हात आवरता आला पाहिजे.” त्यांचे समाधान पुरते झाले आहे असे मला वाटत नाही.

ऑलिंपिकचे दार कराटेला फार उशिरा उघडले. ऑगस्ट २०१६मध्ये रिओ येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियोच्या स्पर्धेसाठी या खेळाला मान्यता दिली. ज्या देशात कराटे वाढले तिथेच, आणि तेही निप्पोन बुदोकानमध्ये, म्हणजे १९६४च्या ऑलिंपिकमधील ज्युदोसाठी बांधलेल्या त्या प्रसिद्ध भवनात. कियुना त्या वेळी सव्वीस वर्षांचा, दोनदा जगज्जेता होण्याच्या उंबरठ्यावर. प्रत्येक प्रकारात साऱ्या जगातून जेमतेम दहा-अकरा जणांना जागा होती. तयारी सुरू झाली. सुवर्णपदक जिंकून आणीन, असा शब्द त्याने आपल्या आईला दिला.

२०१९ साली आई गेली.

त्यानंतरच्या वर्षी महामारी आली आणि स्पर्धा एक वर्ष पुढे ढकलली गेली. शिखरावर असलेल्या खेळाडूसाठी एक वर्ष म्हणजे काय असते, हे आपण बाहेरचे लोक कदाचित कधीच समजू शकणार नाही. शरीर एका दिवसासाठी घडवत आणायचे आणि तो दिवसच उचलून पुढच्या वर्षात ठेवला जायचा. सराव मात्र ठरल्याप्रमाणे चालूच.

६ ऑगस्ट २०२१. बुदोकानमध्ये प्रेक्षक नव्हते. अंतिम फेरीत समोर स्पेनचा दामियान किंतेरो, व्यवसायाने विमानशास्त्राचा अभियंता, वयाने कियुनापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पूर्वी कात्याचा निकाल पंच लाल-निळ्या झेंड्यांनी देत. २०१९पासून गुण आले होते. सात पंच, तंत्राला सत्तर टक्के व शारीरिक क्षमतेला तीस टक्के वजन. दोन्हींत वरचे दोन आणि खालचे दोन गुण सोडून उरलेल्या तिघांची बेरीज. कियुनाने ‘ओहान दाई’ हा रियुएइ-रियूचाच काता निवडला. जी विद्या एके काळी शेजाऱ्यापासूनही लपवून ठेवली होती, ती आता दूरचित्रवाणीवरून सारे जग पाहत होते. रिकाम्या भवनात त्याची गर्जना घुमली ती चित्रणातही अंगावर येते. गुण लागले: कियुना २८.७२, किंतेरो २७.६६. शतांशांनी निकाल लागणाऱ्या या खेळात हे अंतर पुष्कळच मोठे आहे. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा तो ओकिनावाचा पहिला खेळाडू ठरला.

त्याने उड्या मारल्या नाहीत. रिकाम्या झालेल्या आखाड्यावर तो गुडघे मोडून बसला, क्षणभर थांबला आणि वाकून नमस्कार केला. पदक घेताना त्याच्या हातात आईचे छायाचित्र होते.

इथे गोष्ट संपवता आली असती, पण भाच्याला मी खोटे सांगू इच्छित नव्हते. बुदोकानमधले ते सोहळे चालू असतानाच पॅरिस २०२४च्या कार्यक्रमातून कराटे वगळलेले आहे हे सर्वांना ठाऊक होते. यजमानांचा तो प्रस्ताव २०१९च्या आरंभीच जाहीर झाला होता. पुढे २०२३मध्ये लॉस एंजेलिस २०२८साठी पाच जादा खेळ निवडले गेले, त्यांत आपले क्रिकेट आले आणि कराटे राहिले. आपल्या घरोघरी क्रिकेटचा आनंद झाला तेव्हा कराटेच्या वर्गातल्या मुलांकडे कुणाचे लक्ष गेले नसेल. माझेही गेले नव्हते. २०२१च्या त्या तीन दिवसांत ज्यांचे वय आणि बहर जुळून आला त्यांना ऑलिंपिक मिळाले. त्यांच्याहून दहा वर्षांनी धाकट्या, तेवढ्याच गुणी आणि कष्टाळू मुलामुलींना ते दार बंद दिसते आहे. यात त्यांचा काही दोष नाही, आणि अधिक मेहनत केल्याने ते दार उघडेल असेही नाही. खेळाडू घडवायला वीस वर्षे लागतात, आणि खेळ राहणार की जाणार हे सभेतले हात ठरवतात.

मला नवल वाटले ते कियुनाने पुढे काय केले याचे. ऑलिंपिकनंतर साडेतीन महिन्यांत, नोव्हेंबर २०२१मध्ये, तो दुबईच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि लागोपाठ चौथ्यांदा जगज्जेता झाला. ऑलिंपिक सुवर्ण मिळाल्यावर त्याला तिथे जाण्याची काय गरज होती? माझ्यापाशी याचे उत्तर नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांची सवय असलेल्या माणसाला कदाचित तो प्रश्नच पडला नसावा.

हे सारे मी भाच्याला दोन संध्याकाळी सांगितले. ऑलिंपिकची गोष्ट सांगताना मी जरा चाचरले. त्याचा चेहरा उतरला, हे खरे. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आधी राज्यापर्यंत तर जाऊ दे, परदेशी गेला तर खाईल काय याचीच मला काळजी.” मग त्याने विचारले की आशियाई खेळांत तरी कराटे आहे ना. आहे, २०२६चे आशियाई खेळ जपानमध्येच, आयची-नागोयाला ठरले आहेत आणि तिथे कराटेला जागा आहे. त्याने बोटे मोजली. त्या वर्षी तो वरिष्ठ गटाच्या वयाचा होणार नाही, त्याच्या पुढच्या खेपेला होईल, असा हिशेब निघाला.

“आणि आत्या, ते १०२ काते आहेत ना, त्यांतले मला पाच येतात,” तो म्हणाला. त्यांतला एक तरी करून दाखव, असे आजींनीच त्याला सांगितले. अंगणातल्या खाटा बाजूला सरकवल्या. त्याने पाय जुळवून नमस्कार केला. पहिली हालचाल डावीकडे वळून खाली अडवण्याची होती.